तळाचं रान

रामधनने दाताळं पाण्यात फेकलं आणि जोर लावून ओढलं. शेवाळाचा हिरवा पुंजका काठावर येऊन पडला. मासेमारी संस्थेचे चौघे सकाळपासून तलावाचा हा उथळ कोपरा साफ करत होते. शेवाळात अडकून जाळी फाटत होती.

"थांब जरा," म्हशीला पाणी पाजायला आलेली धनीबाई म्हणाली. "त्याच्यात लेकरं असतीन."

"कोणाची?"

"मासोळ्यांची. माही उज्ज्वला सांगते. ते समुद्राच्या तळाशी उतरते."

तांड्यातली पोरगी समुद्रात बुडी मारून अभ्यास करते, हे पार दिग्रसपर्यंत ठाऊक होतं. दिवाळीत तिने मालवणच्या समुद्राचा व्हिडिओ आणला होता. तळाच्या खडकांवर तपकिरी शेवाळाचं रान डोलत होतं आणि त्यात नखाएवढे मासे दडले होते. मोठ्या माशांपासून लपून ते तिथंच वाढतात, असं ती म्हणाली होती. धनीबाईने तो व्हिडिओ सात वेळा पाहिला होता.

"समुद्राचं समुद्राले, मावशी," रामधन म्हणाला. "हा तलाव हाये."

कोणी हसलं नाही. पण दाताळंही थांबलं नाही. धनीबाईने लेकीला फोन लावला.

"याडी, तो तलाव मी कधी तपासला नाही," उज्ज्वला आईला म्हणाली. "इथून कसं सांगू? तूच पाह्य."

धनीबाईने फोन कमरेला खोचला. मग डोक्यावरची ओढणी काढली. परक्या पुरुषांसमोर तिने असं आयुष्यात कधी केलं नव्हतं. गुडघाभर पाण्यात शिरून तिने साफ केलेल्या जागी ओढणी बुडवून उचलली. नुसता गाळ आला. पुढे सरकून तिने ती शेवाळाखाली पसरली आणि हळूच वर घेतली.

लाल कापडावर काचेसारखी पिल्लं तडफडत होती. तीसेक तरी असतील.

रामधनने वाकून पाहिलं.

"सोड त्याइले पाण्यात, मावशी," तो म्हणाला. मग मागे वळून सोबत्यांना सांगितलं, "इथून काठावरच्या त्या बाभळीपर्यंत शेवाळाले कोणी हात लावायचा नाही."

धनीबाईने पुन्हा फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडे कागद सळसळला.

"लिहून ठेवतो, याडी. नोंदीत ज्यानं पाहिलं त्याचं नाव लागते."

"तुह्यं लिही."

"मी कुठं होती तिथं?"

धनीबाई काठावर ताठ उभी राहिली. घसा साफ करून तिने एकेक शब्द सुटा उच्चारला.

"धनीबाई धरमसिंग राठोड," ती म्हणाली. "आडनावासगट लिही."