कस्टर्डात कुणी काय घातलं

तिसरी घंटा व्हायला आली तरी आमचा नायक संडासातून बाहेर येईना. मध्येच उलटीचा आवाज आला. रंगपटातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्याचा बदली नट. त्याची ओळन् ओळ मला पाठ, पण रंगमंचावर ती बोलायची संधी कधी मिळाली नव्हती. गुन्हेगार म्हणून मी फारच सोयीचा होतो.

"यानंच कस्टर्डात जमालगोटा घातला," नायकानं आतून कण्हत जाहीर केलं. कालच्या प्रयोगात उरलेलं कस्टर्ड त्यानं आज दुपारी गरम करून ओरपलं होतं. दिग्दर्शकानं थेट माझे खिसे उलटे केले. रुमाल निघाला. माझ्या अभिनयाकडे या माणसानं कधी इतक्या बारकाईनं बघितलं नव्हतं.

मला वाचवलं नायिकेनं. ती दिवसा प्रयोगशाळेत जंतू वाढवते आणि संध्याकाळी आमच्या नायकावर प्रेम करते, दोन्ही सारख्याच थंडपणे. तिनं दाराशी जाऊन विचारलं, कस्टर्ड रात्री कुठे होतं? टेबलावर, पण खाण्याआधी चांगलं खदखदून उकळलं, जंतू जिवंत राहणं शक्यच नाही, असं आतून उत्तर आलं.

"जंतू मेलेच," ती म्हणाली. "पण रात्रभर त्यांनी जे विष सोडलं, ते उकळून जात नाही. तेच पोट ढवळतंय. आता बोट दाखवा."

दार किलकिलं झालं आणि फटीतून बोट बाहेर आलं. त्यावर पिकलेली पुळी होती. याच बोटानं तो रोज रंगमंचावर तिला कस्टर्ड चाटवायचा, म्हणजे पुळीतले जंतू कस्टर्डात त्यानंच घातले होते. काल कस्टर्ड ताजं होतं, विष तयार व्हायला वेळ नव्हता, म्हणून ती बचावली. हे सांगताना मात्र तिचा थंडपणा जरा ढळला. पुळी बरी होईपर्यंत या बोटाचं प्रेम नको, असं तिनं दिग्दर्शकाला बजावलं.

माफी कुणी मागितली नाही. दिग्दर्शकानं नायकाचा कोट माझ्या अंगावर फेकला. मी नायकाला मीठ-साखरेचं पाणी द्यायला गेलो, तेही मनात शिव्या देतच.

"ऐक," तो दाराआडून म्हणाला. "शेवटच्या प्रवेशात ती निघून जाते ना, तेव्हा लगेच बोलू नकोस. थोडा थांब."

ती निघून गेली तेव्हा मी थांबलो. टाळ्यांनी थिएटर दणाणलं. त्यातल्या निम्म्या त्याच्या होत्या, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.