अर्धा मिनिट मागे

कांताने मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि कणीक मळता मळता एक डोळा त्यावर ठेवला. महिलांच्या कबड्डी लीगचा सामना चालू होता. तिची नीतू चढाईला निघण्याआधी गुडघ्याची पट्टी आवळत होती.

त्या गुडघ्याचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालं होतं. पुन्हा फिरला तर खेळच काय, धड चालणंही विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून पोरीची प्रत्येक चढाई कांता जीव मुठीत धरून पाहायची. नवरा बळीराम प्लांटमध्ये दुपारच्या बी शिफ्टला गेलेला, म्हणजे धीर द्यायलाही घरात कोणी नाही.

दिवाळीत नीतूनेच घरचं केबल काढायला लावलं होतं. आता मोबाइलवर सगळं दिसतं, म्हणाली. दिसायचं खरं, पण अर्धा मिनिट उशिरा. शेजारच्या क्वार्टरमध्ये मारोतरावांकडे डिश होती, आणि रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी हा माणूस प्लांटच्या भट्टीपुढे उभा असल्यासारखाच ओरडून बोलायचा. भिंतीला कान असतात म्हणतात. कांताच्या भिंतीला तोंड होतं. आधी मारोतराव ओरडायचे, मग नीतू पळायची.

"मेली! मेली न पोरगी!" भिंतीपलीकडून आरोळी आली.

कांता दचकली नाही. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावांत बाद झालेल्या गड्याला 'मेला' असंच म्हणतात. नीतू बाद झाली, एवढंच. आता मारोतराव पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार, हे ठरलेलं होतं.

पण भिंत गप्प राहिली. टीव्हीवरचा गलका बारीक ऐकू येत होता, मारोतरावांचा आवाज नाही. मग त्यांच्या बायकोचं, सिंधुताईंचं, "अवं माय वं!" तेवढं आलं.

मन चिंती ते वैरी न चिंती. कांताला तो गुडघा दिसला, स्ट्रेचर दिसलं, घरात कुबडी टेकत फिरणारी पोर दिसली. मोबाइलमध्ये मात्र नीतू अजून धडधाकट होती. मधल्या रेषेला हात लावून तो कपाळाला लावत होती.

"नको जाऊ वं बाई," कांता मोबाइलला म्हणाली.

नीतू गेली. कांताने कणकेचं बोट पडद्यावर दाबलं आणि चित्र थांबलं.

तेवढ्यात दारावर थापा पडू लागल्या.

"कांता! दार उघड वं! लवकर!" सिंधुताईच होत्या.

दार उघडलं की कळणार होतं. तोवर नीतूला काही झालेलं नव्हतं. कांताने नळ सोडला. एकेक बोट चोळून धुतलं, नखांतली कणीक काढली, पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. बाहेर थापा चालूच होत्या. शेवटी तिने कडी काढली आणि सिंधुताईंनी तोंड उघडायच्या आत म्हणाली,

"सांगू नका, सिंधुताई. मी अजून पाह्यलं नाही."

"काय पाह्यलं नाही?" सिंधुताईंनी तिचं मनगट धरलं. "हे पडले न वं खुर्चीतून. कवाची हाका मारून राहिली, उठूनच नाही राहिले."

"आन नीतू?"

"नीतूले काय होते? बाद झाली, बसली बाकावर."

कांताच्या तोंडून 'हुश्श' निघून गेलं. तिने लगेच तोंडावर हात दाबला, पण सिंधुताईंनी ते ऐकलं होतं.