कानशीची पटाशी

बाहेर सासरेबुवांचा खोकला ऐकू आला आणि सूनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तिने धडपडत पकडीचा व्हाइस सैल केला, त्यातली पटाशी काढून फळीवर ठेवली आणि हातोडा लाकडाच्या भुशात ढकलला. पटाशी मोडावी म्हणूनच तिने तिच्यावर घाव घातला होता. पटाशी मात्र मोडली नव्हती.

घरचा धंदा कातारकामाचा. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला, टेकणाच्या आडव्या पट्टीवर टेकवलेलं हत्यार लावून पलंगाचे पाय, लाटणी, वाडगे काढायचे. नवरा फिरतीच्या नोकरीवर, म्हणून हे काम ती सासऱ्यांकडूनच शिकली होती आणि गुरू फार चांगला होता. फक्त या एका पटाशीपुरता आंधळा. त्यांच्या वडिलांनी झिजलेल्या कानशीचे दात घासून, टोकाला धार लावून ती बनवली होती. तिला कोणी नाव ठेवलं की म्हातारबुवा दोन दिवस जेवताना बोलत नसत.

पण कानशीचं पोलाद कडक असतं, वाकणं त्याला माहीत नसतं. मागच्या गल्लीतल्या काताऱ्याची अशीच पटाशी लाकडाच्या गाठीत अडकून फुटली आणि तुकडा त्याच्या गालात घुसला. त्याला बघायला ती दवाखान्यात गेली होती. "काच बरी," तो पट्टीच्या आडून म्हणाला होता, "काच निदान काचेसारखी दिसते तरी."

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. तिने दुकानातून जाड दांड्याची, मुद्दाम लेथसाठी बनवलेली पटाशी आणली. सासऱ्यांनी ती हातात तोलून बघितली आणि म्हणाले, "मुसळ आहे. कांडायला ठेव." आडून सांगून झालं, नवऱ्याकडून सांगवून झालं. सुंभ जळेल, पण पीळ जाईल तर शपथ! म्हणून आज ते चहाला गेल्यावर तिने ठरवलं, एकदाची मोडून टाकू, चार शिव्या खाऊ आणि सुखाने झोपू.

करायला गेली काय आणि झालं काय! घाव बसल्यावर पटाशी खणखणली, पण त्या आवाजाच्या शेवटी काहीतरी बारीकसं करकरलं. तिने उजेडात धरून पाहिली. तडा दिसला नाही. न दिसणारा असेल तर?

सासरे आत आले. लेथवर खोल वाडग्याचा ठोकळा चढवलेला होता आणि त्याच्या पोटात मुठीएवढी गाठ होती. त्यांनी फळीवरून नेमकी तीच पटाशी उचलली.

"बाबा, ती नको. नवी घ्या."

"तळापर्यंत हीच पोचते."

"पोचते म्हणूनच नको. टेकणापासून टोक लांब गेलं की सगळा जोर मधल्या पात्यावरच येतो. तुम्हीच शिकवलंय."

"मीच शिकवलंय ना? मग मला नको शिकवू." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला, जवळचं त्यांना तसंच दिसे. हात लेथच्या बटणाकडे गेला.

सूनबाईंची पाचावर धारण बसली. गप्प राहिलं तर त्यांचा डोळा जाईल, बोललं तर या घरातला तिच्यावरचा विश्वास.

"मी तिच्यावर हातोडा घातलाय," ती म्हणाली. "आत्ताच. मोडायलाच."

सासऱ्यांनी वळून पाहिलं. "माझ्या बापाच्या हातची वस्तू..."

"हो. आतून तडकली असेल, बाबा. मी आवाज ऐकलाय."

"काही तडकत नाही! दोन पिढ्या चालली आहे. पक्की आहे." हट्टाने त्यांनी टेकण घट्ट केलं.

मग तिला काय झालं कोण जाणे. तिने त्यांच्या हातातून पटाशी ओढून घेतली, त्यांना बाजूला सारलं आणि ठोकळ्यासमोर त्यांच्या जागी उभी राहिली. धार गाठीच्या अगदी जवळ धरली.

"पक्की आहे ना? मग मी धरते. तुम्ही दाबा बटण."

"माझा चष्मा तरी लाव."

"तुम्ही लावता?"

सासऱ्यांचं बोट बटणावर टेकलं. ते तिच्या गालाकडे पाहत राहिले, मग पटाशीच्या लांबलचक टोकाकडे, मग पुन्हा गालाकडे. ती डोळे मिटून वाट पाहत होती. ते खरंच दाबतील, असं तिला एक क्षण वाटलं.

तार ओढल्याचा आवाज झाला. त्यांनी बटण दाबलं नव्हतं, भिंतीतून पिनच उपसली होती.

"माझं काय गं, मी पिकलं पान," ते पुटपुटले. "तुला काही झालं असतं तर?"

"आणि तुम्हाला झालं असतं तर मला काहीच होणार नव्हतं का?"

"दे इकडे," ते हळूच म्हणाले. तिला द्यायची होती, पण मूठ उघडेचना. शेवटी त्यांनाच तिची बोटं एकेक करून पटाशीवरून सोडवावी लागली.