डावी बाजू मंद

मी एक हेडफोन बोलतोय. कान पूर्ण झाकणारा, जाड गाद्यांचा आणि आता मधोमध मोडलेला. तुम्ही म्हणाल, ऐकवायचं काम सोडून हा बोलायला कधीपासून लागला? अहो, जन्मभर दुसऱ्यांचंच ऐकवलं. आज जरा माझं ऐका.

माझा जन्मच मार खाण्यासाठी झाला. माझे भाऊ मऊ खोक्यांत बसून विकायला गेले. मी पडलो नमुना. गिऱ्हाईक दोन वर्षांत जे हाल करील ते नमुन्याचे दोन दिवसांत करून बघायचे, अशी कारखान्याची रीत. एका यंत्रानं माझ्या दोन्ही बाजू धरून मला हजारो वेळा फाकवलं. मग कमरेच्या उंचीवरून फरशीवर आपटणं. ते काम एका बाईकडे होतं. ती खरी तारा जोडणारी. केसाएवढी तार बोटांच्या चिमटीत अचूक धरायची, म्हणून तिला सगळे चिमटीच म्हणत. आपटताना ती मोठ्यानं मोजायची, कारण नियमच होता: मोजलेला मारच धरायचा, न मोजलेला वाया गेला.

"एक," ती म्हणायची, की मी फरशीवर. "दोन." तिचा माझ्यावर काही राग नव्हता. वीस झाल्यावर तिनं मला फडक्यानं पुसलं आणि ऐकण्याच्या खोलीत नेऊन दिलं.

त्या खोलीत कानसेन बसायचे. साठीला टेकलेले, काटकुळे, जाड चष्म्याचे. त्यांनी 'बरा' म्हटल्याशिवाय एकही माल बाहेर पडत नसे. आधी ते मला नुसताच घालून तासभर बसले, गाणं नाही की काही नाही. चष्म्याची काडी गादीखाली रुतते का, कान तापतो का, टाळूवर भार येतो का, एवढंच बघत होते. दुखऱ्या डोक्याला गाणं गोड लागत नाही, म्हणून आधी आराम आणि मग आवाज, असं ते नव्या माणसांना शिकवत. आणखी एक गोष्ट शिकवत. एक बाजू मंद वाटली तर हेडफोनला नावं ठेवण्याआधी तो उलटा घाला, डावी बाजू उजव्या कानावर. मंदपणा दुसऱ्या कानात गेला तर दोष हेडफोनचा. जागचा हलला नाही तर दोष आपल्या कानाचा.

माझ्या गाद्यांवर ते खूश झाले. आत हवासुद्धा शिरत नाही, म्हणाले. मी असा फुगलो म्हणून सांगू. त्याच गुणानं पुढे घात केला.

शेवटची परीक्षा घरी व्हायची. नमुना दोन दिवस घरी न्यायचा आणि रोजची कामं करताना घालून बघायचा. कानसेनांच्या घरी ते आणि त्यांचा मुलगा, दोघंच. मुलगा तिशीचा, आडदांड. त्याचा पारा कधी चढेल याचा नेम नाही, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. चहा गार झाला म्हणून कप भिंतीवर गेला आणि कानसेन खाली बसून तुकडे वेचू लागले, अगदी सवयीनं. कपाटाच्या दाराला मुठीएवढं भोक होतं, त्यावर कॅलेंडर टांगलेलं.

रविवारी सकाळी ते मला घालून भांडी घासत होते. माझ्यात एक बाई वाद्यांशिवाय गात होती. ओळ संपली की ती श्वास घ्यायची, आणि तो श्वास ऐकून कानसेन हळूच मान हलवायचे. मागून मुलानं हाक मारली. मी नीट बनवलेला होतो, हाक आत आली नाही. दुसरीही आली नाही. तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली नाही, हात मारला. उघडा पंजा, सगळ्या ताकदीनिशी, डाव्या बाजूला, थेट माझ्यावर. गादीत कोंडलेल्या हवेला बाहेर जायला वाट नव्हती. ती कानात घुसली. पडदा फाटला तो आवाज मी ऐकला. त्या बाईच्या गाण्यात तो स्पष्ट ऐकू आला.

"बहिरा झालास काय रे?" मुलगा ओरडला. कानसेन ओट्याला धरून खाली बसले, तर पाठीत लाथ बसली. ताटली फुटली. कानातून रक्त आलं ते माझ्या गादीत मुरलं. वीसदा फरशीवर आपटून मला जे झालं नव्हतं ते एका तडाख्यात त्यांना झालं, आणि ते माझ्यामधून झालं. मला स्वतःची शिसारी आली.

सोमवारी कानसेनांनी माझ्या निकालाच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'डावी बाजू मंद'. पुढच्या नमुन्यावरही तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. सगळा माल अडला. डाव्या बाजूच्या तारा चिमटी जोडायची. कानसेनांच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे, तेव्हा साहेबांनी तिला बजावलं: शनिवारपर्यंत दोष काढ, नाहीतर घरी बस. घरी तिच्या दोन लेकी आणि कमावती ती एकटी.

तिनं मला खोललं. तार तपासली, तोडली, पुन्हा जोडली. मला शिव्या दिल्या, स्वतःला दिल्या. दोष असता तर सापडला असता ना. चार दिवस ती हेच करत राहिली. शुक्रवारी तिनं वैतागून गादी उपसून काढली, आणि तिला आतला काळपट डाग दिसला. तिनं तो नखानं खरवडला, रक्तच होतं. मग मला घेऊन थेट ऐकण्याच्या खोलीत गेली.

"काका, हा उलटा घाला."

"तू मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंत."

कानसेनांनी मला उलटं घातलं. मी जीव तोडून वाजलो. पण मंदपणा जागचा हलला नाही. जगाला ही युक्ती शिकवणाऱ्या माणसानं पाच दिवसांत एकदाही मला उलटं घातलं नव्हतं. का, ते मला ठाऊक होतं. ज्याचं उत्तर नको असतं तो प्रश्न माणूस विचारत नाही.

चिमटीनं डागावर बोट ठेवलं. दाढी करताना कापलं, असं ते म्हणाले.

"कानाच्या आत दाढी करता, काका?"

ते हसायला गेले आणि हसू मध्येच मोडलं. "पोटचा पोर आहे गं. चार लोकांत काय सांगू?"

"मग मी माझ्या पोरींना काय सांगू?"

कानसेनांनी चिठ्ठी पुढे ओढली. 'मालात दोष नाही. परीक्षकाचा डावा कान निकामी. कारण: मुलाचा मार.' खाली सही केली आणि साहेबांना स्वतः नेऊन दिली. पस्तीस वर्षांत त्यांनी एवढा खरा निकाल लिहिला नसेल.

त्या संध्याकाळी घर सोडायचं ठरवून ते कपडे आणायला घरी गेले. चिमटी सोबत होती, मी त्यांच्या गळ्यात. पिशवी भरताना मुलानं पाहिलं आणि काही न विचारता त्यानं बापाच्या खांद्यावर ठोसा हाणला. कानसेन कपाटावर आदळले.

दारातून आवाज आला. "एक."

मुलगा गर्रकन वळला, पुन्हा बापाकडे वळला. दुसरा ठोसा तोंडावर येत होता. कानसेनांनी मला गळ्यातून काढून आडवं धरलं. त्याची मूठ माझ्या मधल्या कमानीवर बसली, मी कडाड मोडलो, आणि माझं टोक त्याच्या बोटांत घुसलं. त्याचंही रक्त मी चाखलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"दोन," चिमटी आणखी मोठ्यानं म्हणाली. समोरचं दार उघडलं, मग शेजारचं.

"मोजतेस काय गं?" तो हात उगारून तिच्यावर धावला.

ती तसूभर हलली नाही. "मोजलेला मारच धरतात. पोलिसांत लिहून द्यायचाय. मार, तीन म्हणते."

जिन्यात माणसं जमली होती. त्याचा हात वरच राहिला, मग खाली आला. ती दोघं माझे दोन्ही तुकडे उचलून निघाली.

आता कानसेन कारखान्यामागच्या एका खोलीत राहतात. रात्री मी तिथं खिळ्याला असतो आणि दिवसा त्यांच्या पिशवीत, दोन तुकड्यांत. नवा माल आला की ऐकण्याच्या खोलीत दोघं शेजारी बसतात. उजवी बाजू कानसेन ऐकतात, डावी चिमटी. चिठ्ठीवर दोन सह्या असतात. माझी चिठ्ठीही अखेर लिहिली गेली: आवाज उत्तम, आराम उत्तम. ती वाचून मला काही फुगता आलं नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात कुणी हाकेला वळलं नाही तर त्याच्या समोर जाऊन उभे राहा. दोन पावलं चालायला जड नाहीत.

परवा काम सुटल्यावर फाटकाशी मुलगा उभा होता, बोटाला पट्टी बांधून. "बाबा," त्यानं हाक मारली. मग पुन्हा मारली, पहिल्यापेक्षा हळू. मी कानसेनांच्या पिशवीत होतो, दोन्ही मला ऐकू आल्या. ते चालत राहिले.

"काका, हाक आली ना?" चिमटीनं विचारलं.

त्यांचा उजवा कान अजून तीक्ष्ण आहे. त्या गाणाऱ्या बाईचा श्वास ते अजून मोजतात.

"डावीकडून आली," कानसेन म्हणाले.