मोटारीची सुई, हाताची सुई

जोयड्याच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवी झालेली सुंदरी डोळे मिटायला तयार नव्हती. तिच्या आधी रामनगरच्या दुकानदाराची बायको कमल याच खुर्चीवरून उठून गेली होती. कमलच्या दाढेत डॉक्टरबाईंनी मोटारीची, मशीनवर गरगर फिरणारी सुई चालवली, काम झटक्यात उरकलं. सुंदरीची पाळी आली तशी बाईंनी मोटार बाजूला सारली, चिमटीत धरायची बारीक सुई काढली आणि हातानंच दाढेचं मूळ आतून साफ करायला लागल्या.

गुंद गावच्या रानातून आलेल्या आपल्यासारख्या बाईला मशीन कशाला, असंच असणार. सुंदरीच्या मनात पाल चुकचुकली.

बाईंनी जरा हात थांबवल्यावर तिनं विचारलं, "मशीन बिघडलं काय?"

"नाही अक्का," डॉक्टर मयूरी म्हणाल्या. "तुमच्या दाढेचं मूळ पातळ आहे, वाकडंही आहे. मोटारीची सुई फिरताना आतल्या भिंतींवर दाब देते. जाड भिंत सोसते, पातळ भिंतीला चीर पडू शकते. म्हणून हळूहळू करते."

बाईंच्या जिभेवर उत्तर तयारच होतं. कचेऱ्यांतून असली तयार उत्तरं ऐकून सुंदरीचे कान किटले होते. बाईंनी औषध भरून पुढच्या आठवड्यात बोलावलं, ती गेलीच नाही.

"बाई बरं करत हुती की," नवरा येसू म्हणाला.

"माणूस बघून हत्यार काढती ती. मला ठावं हाय."

खानापूरकडच्या बहिणीनं दुसरा डॉक्टर दाखवला. त्यानं काही न विचारता मोटार चालवली, दाढ भरली, वर टोपी बसवली. सुंदरी खुशीत घरी आली.

भात कापून झाला आणि त्या दाढेखाली हिरडीवर पुळी उठली. घास चावला की कळ थेट कानात. सुंदरीला वाटलं, जोयड्याच्या बाईनंच आत काहीतरी ठेवलंय. ती जीप पकडून तडक दवाखान्यात गेली.

"सुई मोडून आत ठिवलीसा न्हवं?"

मयूरी चिडल्या नाहीत. त्यांनी दाढेचा एक्स-रे फोटो काढला आणि तिच्यासमोर धरला. "सुई असती तर पांढरी रेघ दिसली असती. ही मुळाच्या कडेची काळी सावली बघा. मूळ चिरलंय बहुतेक."

"खानापूरकडच्या डॉक्टरच्या मोटारीनं?"

मयूरींनी फोटो परत उजेडात धरला. "असेल. सुपारी फोडूनही चिरलं असेल. नक्की सांगता येणार नाही."

डॉक्टर डॉक्टरला सांभाळतोय, सुंदरीला वाटलं. दाढ काढावी लागली. दाढ निघताच सुंदरीनं हात पुढं केला. "माझ्याजवळ द्या."

बाईंनी दाढ धुतली, चीर असेल तर रंग धरावा म्हणून मुळावर निळं औषध लावून पुसलं आणि सोबत भिंग दिलं. टोकापासून वर केसासारखी निळी रेघ गेली होती. सुंदरीनं नखानं खरवडून बघितली. रेघ गेली नाही.

"तुमी हातानं केलं असतं तर वाचली असती?"

"कदाचित. खात्री देत नाही."

या उत्तरावर सुंदरीनं पहिल्यांदा बाईंच्या तोंडाकडं नीट बघितलं. मनात असतं तर त्यांना सरळ 'व्हय' म्हणता आलं असतं. त्या खुर्चीवर आपण परत आलो नाही, हे तिला आत कुठंतरी टोचलं. 

डाव्या बाजूची दाढही किडली होती. तिच्यासाठी आली तेव्हा सुंदरी खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "हिला हातानंच करा."

फोटो बघून मयूरींनी नकारार्थी मान हलवली. "हिचं मूळ सरळ आहे, भिंती जाड आहेत. हिला मोटार चालेल."

सुंदरीच्या कपाळावर आठी पडली. तिनं फोटो मागून घेतला, खिडकीच्या उजेडात उलटसुलट करून बघितला. अर्धंच कळलं.

"करा. पण मी हात वर केला की थांबायचं."

मोटार सुरू झाली. आवाज जरा बदलला की सुंदरीचा हात वर जायचा. दरवेळी मयूरी थांबायच्या, सुई पुसून तिला दाखवायच्या आणि मगच परत घालायच्या.

बाहेर बाकावर बसलेल्या येसूनं विचारलं, "बसला का इश्वास?"

गालाला हात लावत सुंदरी म्हणाली, "बघूया. आधी भाकरी चावून बघते."