मडीची काठी

तार चावते, असं सौंदर्या पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी तिला हसले होते. हे आधीच सांगून टाकते. पुढं शिवम्माला नावं ठेवताना मी स्वतःला अलगद बाजूला काढलं, असं कुणी म्हणायला नको.

दोन हजार सहा सालचा हिवाळा. गडमुडशिंगीच्या बाहेर आमच्या मळ्यात दोनच घरं, एक माझं आणि बांधापलीकडं शिवम्माचं. तिन्ही बाजूंनी ऊस. त्या वर्षी कारखान्याची ऊसतोड टोळी आमच्याकडं फिरकलीच नव्हती, त्यामुळं ऊस डोक्याच्या वर दीड पुरुष उभा, आणि त्याच्या आडून सूर्य वर यायला नऊ वाजायचे. दंवानं अंगण रात्रभर कुणी शिंपल्यागत ओलं असायचं. धुतलेलं कापड दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागायचं आणि त्याला कुबट वास सुटायचा. दोन घरांत मिळून ऊन पडायचं ते एकाच पट्टीवर, शिवम्माच्या न्हाणीपासून शेवग्याच्या झाडापर्यंत. त्याच पट्टीवर तिच्या नवऱ्यानं मरायच्या आदल्या वर्षी लोखंडी तार ओढून ठेवलेली. एक टोक न्हाणीच्या पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला, दुसरं शेवग्याला.

शिवम्मा निपाणीपलीकडची. तिच्या माहेरी मडीचं मोठं प्रस्थ. मडी म्हणजे आपल्याकडचं सोवळं. ओल्या लुगड्यानं पूजा करायची, ते लुगडं वेगळं धुवायचं आणि हात न लावता काठीनं तारेवर टाकायचं. लिंगायताला विटाळ नाही, सुतक नाही, असं मठातले स्वामी दर श्रावणात येऊन सांगायचे. शिवम्मा मान डोलवून ऐकायची, त्यांना दूध-केळी द्यायची आणि ते गेले की काठी धुवायला घ्यायची. बांबूची पिवळी काठी, हातानं घासून घासून गुळगुळीत झालेली. धुऊन पुसून ती देवघरात, चुलीच्या भिंतीला टेकवून कोरडी ठेवायची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, सुनेनं तर नाहीच.

सून म्हणजे सौंदर्या. मलकापूरकडची, बारावी झालेली, कामाला चपळ आणि बोलायला कमी. तिचा नवरा महालिंग शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कामाला होता. त्याचे कपडे रोज काळ्या वाळूनं भरून यायचे, त्यामुळं धुणं रोजचंच. पदरात एक पोरगी, प्रेरणा, पाच वर्षांची.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी महालिंगची ओली पँट तारेवर टाकताना सौंदर्यानं हात झटकला. "आक्का, तार चावली बघा," ती बांधावरून मला म्हणाली. मी म्हटलं, थंडीचं असतं तसं. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, माझ्या नायलॉनच्या साडीतनं तर अंधारात ठिणग्या उडतात. तिला पटलं. मलाही तेव्हा ते खरंच वाटत होतं. नेमकी त्याच सकाळी तिची पाळी आली होती आणि ते शिवम्माला कळलं होतं.

शिवम्मानं दोन्हीची गाठ घालून टाकली. तार तिच्या मालकानं बांधलेली, तिच्यावर मडीचं लुगडं वाळतं, तिला विटाळ कसा सोसेल? स्वतःला आजवर कधी काही झालं नाही, हा तिचा पुरावा. होणार कसं? तिचा हात तारेला लागतच नव्हता, मध्ये कोरडा बांबू होता. पण हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

आठवडाभर तार गप्प बसली. मग पुन्हा चावायला लागली, आणि या खेपेला पाळी नव्हती. शिवम्मा म्हणाली, सून दिवस लपवते. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर हळदीच्या बोटानं ठिपके द्यायला सुरुवात केली. रोज सकाळी सुनेला उभी करून विचारायचं आणि तिच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. विचारायची तेही बांधापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात. माझीच मान खाली जायची. मी मध्ये पडायला हवं होतं, पण दुसऱ्याच्या घरातलं भांडण म्हणून गप्प बसले.

सौंदर्या त्याच कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक फुल्या मारत होती, तार चावेल त्या दिवशी एक. त्या साली लोडशेडिंग आठवड्याला फिरायचं. एक आठवडा सकाळी सहा ते नऊ लाइट नाही, पुढच्या आठवड्यात सकाळी असायची आणि दुपारी जायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं मला फुल्या दाखवल्या. सकाळी लाइट असेल त्याच आठवड्यात फुल्या होत्या, दुसऱ्या आठवड्यात एकही नाही. मी त्या बोटानं पुन्हा मोजल्या.

तिनं नवऱ्याला सांगितलं. महालिंग माणूस चांगला, पण सदा घाईत. कंपनीची गाडी फाट्यावर यायची वेळ झालेली. त्यानं जाताजाता तार मुठीत धरून हलवली आणि हसला, काहीच झालं नाही म्हणाला. पायात फौंड्रीचे जाड रबरी तळाचे बूट होते, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तरी बायकोच्या समाधानासाठी त्यानं गावातल्या वायरमनला निरोप धाडला. संक्रांत झाली की येतो, असा उलटा निरोप आला.

सौंदर्यानं मग उसाच्या कडेला सुतळी बांधून धुणं तिथं टाकलं. तिथं ऊन कुठलं? महालिंग दोन दिवस दमट बनियनवर कामाला गेला आणि तिसऱ्या दिवशी तापानं पडला. शिवम्मानं सुतळी सोडली, तिचा गुंडाळा करून सुनेच्या पुढ्यात टाकला. धुणं परत तारेवर गेलं. सौंदर्या प्रेरणाला घरात कोंडून मगच बाहेर यायची. ओलं कापड फडफडलं की पोर धावत जाऊन त्याचा काठ ओढायची, आणि त्याचीच आईला भीती. मला सकाळी त्यांच्या अंगणाकडं बघवत नसे. वाऱ्यानं न्हाणीचा पत्रा कुरकुरायचा तेवढ्यानंही माझं हातातलं काम थांबायचं.

मग एक दिवस कडी नीट लागली नाही. प्रेरणानं लोंबत्या लुगड्याचा काठ धरला आणि किंचाळून सोडला. "आई, लुगड्यात मुंग्या हायत," असं म्हणत ती बोटं चोखायला लागली. सौंदर्यानं तिला उचललं ते थेट माझ्या घरात आणून बसवलं.

पुढच्या आठवड्यात सकाळची लाइट पुन्हा जायला लागली. सोमवारी नवाला पाच-दहा मिनिटं कमी असतील. धुक्यातनं ऊन नुकतं तारेवर उतरत होतं. मी बांधाशी शेणी उलटत होते. सौंदर्यानं पिळलेल्या कपड्यांची बादली सासूपुढं ठेवली.

"आत्ती, आजपास्नं मी ह्या तारंवर कापड घालणार न्हाय. लाइट असली की ती धरती. पोरीला धरलं परवा."

शिवम्मा नुकतीच आंघोळ करून आलेली. अंगावर मडीचं ओलं लुगडं, पाय अनवाणी, पायाखाली न्हाणीचं पाणी. तिनं हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"माझ्या मालकानं बांधल्याली तार वंगाळ म्हंतीस? तुझं वंगाळ तारंवर घालतीस व्हय?" असं म्हणत तिनं डावा हात गळ्यातल्या लिंगावर ठेवला आणि उजव्या मुठीत तार गच्च धरली.

काही झालं नाही. शिवम्मा माझ्याकडं वळली. "आक्का, तुमी बी बघा. मडीच्या माणसाला काय झालं?"

खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की पोरगी उगाच भ्यायली. फुल्या स्वतः बोटानं मोजल्या होत्या ते मीच विसरले. सौंदर्यानं वाद घातला नाही. तिनं एकदा सूर्याकडं बघितलं आणि ती हलक्या आवाजात बोलायला लागली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"आत्ती, जिंकला तुमी. आता सोडा. नऊ वाजाय आल्यात, लाइट यील."

"लाइटीचा आणि मडीचा काय संबंध?"

"पाया पडते तुमच्या. सोडा."

सून पाया पडते म्हणाली म्हटल्यावर शिवम्माला जास्तच जोर चढला. माहेरची मडी, सासूची मडी, अशी सगळी कहाणी तिनं तार धरूनच सुरू केली. मला तिच्या खांद्यावरून त्यांच्या घराचा पुढचा सोपा दिसत होता. सोप्यातला बल्ब पिवळा झाला. तो मी बघितला, पण त्याचा अर्थ लागायच्या आधीच शिवम्माचा शब्द मध्येच तुटला.

मूठ सुटेना. डोळे उघडे, तोंड उघडं, अंग ताठ आणि आतनं हलत होतं. मी बांध ओलांडून तिला ओढायला धावले. "आक्का, हात लावू नका," सौंदर्या ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तिनं भिंतीची काठी उचलली, ज्या काठीला तिनं लग्नानंतरच्या सहा वर्षांत बोट लावलं नव्हतं, आणि सासूच्या मनगटावर मारली. एका तडाख्यानं मूठ सुटली नाही. दुसरा तिनं असा मारला की हाड मोडलं असतं तरी तिला चाललं असतं. शिवम्मा पाण्यात कोसळली. मी आत धावत जाऊन मेन स्विच पाडला.

शिवम्मा जगली. तळहात जळाला आणि दोन बोटं वाकडी राहिली. वायरमन संक्रांतीची वाट न बघता त्याच दुपारी आला. खांबावरून येणारी वायर पत्र्याच्या कडेवर वाऱ्यानं घासून उघडी पडली होती, ती त्यानं महालिंगला बोटानं दाखवली. महालिंग बूट काढून पायरीवर बसला आणि डोकं धरून रडला.

आठवड्यानं शिवम्मा दवाखान्यातनं घरी आली. बघायला गावातल्या बायका जमल्या. हात पांढऱ्या पट्टीत धरून शिवम्मा येईल तिला सांगत होती, "माझ्या मडीच्या काठीनं वाचवलं मला." सुनेचं नाव एकदाही नाही. माझं डोकं फिरलं. आज हिला सगळ्यांदेखत ऐकवायचं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात सौंदर्या चहा घेऊन आली आणि तिनं माझ्याकडं बघून मान हलवली.

"व्हय आत्ती, काठीनंच वाचवलं," ती म्हणाली. कप खाली ठेवून ती देवघरात गेली आणि सगळ्या बायकांसमोर काठी हातात घेऊन आली. "तुमच्या हातानं आता ही धरवायची न्हाय. आजपास्नं ही माझ्याकडं."

बायका शिवम्माच्या तोंडाकडं बघत राहिल्या. तिनं पट्टीकडं बघितलं.

"कोरडी ठेव," एवढंच ती म्हणाली.

आता तिथं नायलॉनची दोरी आहे. शिवम्माचं लुगडं सौंदर्याच त्या काठीनं दोरीवर टाकते, महिन्याच्या त्या चार दिवसांतही. हळदीचे ठिपके पौषातच थांबले. शिवम्मा सोप्यात बसलेली असते. नऊ वाजता बल्ब लागला की ती उजवी मूठ पदराखाली घेते आणि सून दोरीपासून लांब येईपर्यंत तिच्याकडं बघत राहते.