मनकर्णाचा फोल्डर

मनकर्णा दहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करत होती. त्या काळात तिनं एक फोल्डर जमवला होता. त्यात सुट्टीच्या दिवशी घरी बसून लिहिलेले कोडचे तुकडे होते, कुठल्या सर्व्हरला कोणती सेटिंग लागते ते होतं, आणि प्रत्येकाखाली मराठीत टीप. ‘हे शुक्रवारी चालवू नको.’ ‘इथं तारीख उलटी येते, तीन दिवस खाल्ले.’ चार नोकऱ्या बदलल्या, फोल्डर तोच राहिला.

वडिलांचं, जालिंदररावांचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती केजजवळच्या गावी परतली आणि दूध संस्थेत कॉम्प्युटरवर लागली. त्या साली पाऊस झालाच नाही. जानेवारीतच विहिरींचा तळ दिसला. दूध आटलं, तसे संस्थेनं आपले दोन टँकर पाण्याला लावले. वस्त्या अकरा, रोज भांडणं.

मनकर्णानं संस्थेच्या लॅपटॉपवर आपला फोल्डर उघडला आणि दोन दिवसांत टँकरच्या पाळ्यांचा प्रोग्रॅम जोडला. पाळी कुणाची, ते सगळ्या वस्त्यांना मोबाइलवर कळायला लागलं. तिची स्वतःची भीमनगर वस्ती नवव्या नंबरवर आली. तिनं ती नववीच ठेवली.

महिनाभर कुणी भांडलं नाही. मग चेअरमन माणिकरावांनी तिला बोलावलं.

“आमच्या मळ्याला एक दिवसाआड टँकर पायजे. बसव त्यात. मेसेज कुणाला जाऊ देऊ नको.”

“मळ्यावर माणसं किती हायेत, साहेब?”

“माणसं न्हाईत, मोसंबी हाय.”

“मग न्हाई बसत.”

माणिकराव आधी हसले. मग म्हणाले, “लई शहाणी झालीस का? लॅपटॉप ठेव आन् घरी बस. त्यातलं सगळं संस्थेचं हाय. तुझा तो फोल्डरबी.”

“लॅपटॉप तुमचा. प्रोग्रॅम संस्थेच्या पगारावर लिहिला, तोबी ठेवा. फोल्डर माझा हाय. संस्थेत कॉम्प्युटर यायच्या आधीपासून माझा हाय.”

त्यांनी कारकुनाला तिच्यासमोरच लॅपटॉपवरचं सगळं पुसायला लावलं. ती जागची हलली नाही. पुसून झाल्यावर म्हणाली, “माझी प्रत घरी हाय,” आणि निघाली.

“पोरी, त्यांच्याशी वैर कावून घेतलंस?” जालिंदरराव म्हणाले.

“आबा, गप बसले असते तर आपल्याबी घागरी रिकाम्या राहिल्या असत्या.”

जालिंदरराव उठले, आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी आपली खाट सरकवून टेबलाला जागा करून दिली.

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं एका दुपारी नवा प्रोग्रॅम जोडला. टँकर आता तिच्या हातात नव्हते. किती भरले आणि कुठं पोचले एवढंच ती लिहू शकत होती. भरलेल्या खेपा ती टँकर भरायच्या जागी जाऊन स्वतः मोजायची. ती अकराही वस्त्यांवर गेली. “टँकर आला की मला मिस्ड कॉल द्या.” रोज संध्याकाळी सगळ्यांना मेसेज जायचा आणि खाली तिचं नाव असायचं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी वाचलं: भरलेल्या दोन खेपा कुठल्याच वस्तीवर पोचलेल्या नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी तीसेक बाया घागरी घेऊन मळ्याच्या वाटेवर बसल्या. पुढं भिमाबाई; त्या दिवशी पाळी त्यांच्या वस्तीची होती. टँकर थांबला, मागून माणिकरावांची जीप आली.

“मेसेज कोण पाठवतंय, मला ठाऊक हाय. पोलिसात देतो!”

“द्या,” मनकर्णा पुढं येऊन म्हणाली. “माझं नाव खाली लिहिलेलंच असतं.”

“आन् माजंबी द्या,” भिमाबाई म्हणाल्या. “मिस्ड कॉल मी देती.”

ड्रायव्हर रामहरीनं इंजिन बंद केलं. मान बाहेर काढून विचारलं, “मावशी, आज नंबर कुणाचा?”

भिमाबाईंनी हात केला. त्यानं टँकर वळवला.

तक्रार झाली. मनकर्णाला दोनदा ठाण्यात बसवलं, पण त्यातून काही निघालं नाही. मे महिन्यातल्या सभेत माणिकराव म्हणाले, माफी मागितली तर तिला परत घेऊ.

ती उभी राहिली. “माफी न्हाई मागणार. नोकरीबी नको. टँकरचे नंबर रोज संस्थेच्या भिंतीवर लावायचे, एवढा ठराव घ्या.”

सभाभर हात वर झाले. माणिकरावांनी ते मोजायला सांगितले नाहीत.